उजव्या अंगाची सीट

"दिवा इझव आधी."

गाडी आमच्या अंगावर बसली, त्यानंतरचं माझ्या नवऱ्याचं हे पहिलं बोलणं. आई गं नाही, देवा नाही. दिवा इझव.

आम्ही दोघं गाडीखाली उताणे पडलो होतो. माझ्या हातात पूजेचं ताट, ताटात पेटलेलं निरांजन आणि त्याच्यावर वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी. गाडी खाली आली तसं ताट माझ्या छातीवर कलंडलं. हळद-कुंकू डोळ्यांत गेलं. दिसत काहीच नव्हतं. मी चाचपडून वात तळहाताखाली घेतली आणि दाबून धरली. तो डाग अजून हातावर आहे.

"इझला का?"

"इझला."

"बराबर बघ. पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"इझला म्हणलं ना. तुम्हाला कुठं लागलं?"

ते बोलले नाहीत. मी पदरानं डोळे पुसले आणि मान वळवून बघितलं. माझ्या बाजूला गाडी वर होती, त्यांच्या बाजूला खाली बसली होती. गाडीच्या सांगाड्याचा लोखंडी दांडा त्यांच्या कमरेवर टेकला होता. तोंड मोकळं, छाती मोकळी, हात मोकळे.

"पाय हालवा."

"हालवून राह्यलो की."

पाय हलत नव्हते. मला दिसत होतं, त्यांना नव्हतं.

आम्ही म्हातारा-म्हातारी गाडीखाली कशाला शिरलो होतो, ते सांगते.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन देवापुढं मांडतात. विळा, कुऱ्हाड, पहार, कुणाकडे शिलाई मशीन असेल तर तीसुद्धा. हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या दिवशी हत्याराकडून काम करून घ्यायचं नाही. वर्षभर ते राबतं, एक दिवस त्याचा. आमच्या घरात विळ्या-कुऱ्हाडीपेक्षा गाडीचे पाने, पेचकस आणि हातोड्याच जास्त. देवापुढं पाटावर मावत नव्हत्या.

गाडीचं मागचं डावं चाक आम्ही आदल्या दिवशी काढलं होतं. ब्रेकचं तेल गळत होतं. आतलं रबर जालन्याहून यायचं होतं, म्हणून गाडी त्या अंगानं जॅकवर उभी होती. काढलेलं चाकही मी धुऊन देवापुढं नेलं. बाहेर येऊन बघते तर हे अंगणात जॅककडे बघत उभे.

"काय झालं?"

"ह्यो राह्यला."

"राहू द्या. त्याच्यावर गाडी हाये."

"सगळ्यात जास्त वज्जं ह्यानं उचललं आन ह्यालाच पूजा न्हाई?"

"लांबून फूल वाहा."

"तसं नसतंय. आज हत्याराकडून काम करून घेत न्हाईत. आन ह्यो तर उभ्या उभ्या कामच करून राह्यला."

जॅक काम करत होता हे खरंच होतं. त्यांनी गाडीखाली विटांचा थर रचला, जॅक हळूहळू उतरवला, गाडी विटांवर टेकवली आणि जॅक घासून-पुसून आत नेला. कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. विटा गावच्या भट्टीच्या, ठिसूळ. खालची माती काळी आणि परतीच्या पावसानं मऊ झालेली. हे सगळं आज दिसतं. त्या दिवशी आम्हाला पूजा दिसत होती.

मग गाडीची पूजा. दरवर्षी आम्ही बाहेरूनच करायचो. बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, झालं. पण त्या वर्षी गाडी एका अंगानं उचललेली होती, तर ते म्हणाले, "आज बरी सापडली. पोटालाबी हळद लावू. सगळं काम पोटच करतं." त्यांचा खांदा आखडलेला होता, ताट धरून हात वर करणं जमत नव्हतं. म्हणून ताट घेऊन मी शिरले आणि हळद लावायला ते. पोतं अंथरलं आणि मागून दोघं सरपटत आत गेलो. ते डाव्या अंगाला, मी उजव्या अंगाला. असं ठरवावं लागलं नाही. त्या गाडीत आमच्या जागा तशाच होत्या.

ही गाडी अमेरिकेची. साठ सालाच्या पुढं-मागं बनलेली. तिचं खरं नाव मला घेता येत नाही. मी चौथी शिकले, ते नाव चौथीत नव्हतं. आमच्या गावात, हसनाबादेत तिला सगळे नुसतं 'अमेरिका' म्हणायचे. 'अमेरिका निघाली का?' 'अमेरिका बंद पडली म्हणं.' लांब एवढी की आमच्या गल्लीत वळत नव्हती, मागं-पुढं करून करून काढावी लागायची. मागं माशाच्या पंखासारखे दोन पत्रे. पुढची सीट अख्खी, मधे फट नाही, दिवाणासारखी.

माझा नवरा नवीन जालन्यात एका जिनिंगवाल्या शेठजींकडं ड्रायव्हर होता. शेठजींनी ही गाडी हैदराबादेहून कुणाकडून तरी आणली होती. शेठजी थकले, मुलांनी लहान लहान नवीन गाड्या घेतल्या आणि हिला कापसाच्या गोदामात ढकलली. तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेठजी यांना म्हणाले, "तूच घेऊन जा. पोरं हिला भंगारात घालतील, मला बघवायचं न्हाई." हे ट्रॅक्टरला दोर बांधून तिला हसनाबादेत घेऊन आले. सगळं गाव बघायला लोटलं. शेजारीण मला म्हणाली, "बाई, सवत आणली की गं तुझ्यावर." मी म्हणलं, "सवत असती तर भाकरी तरी थापल्या असत्या."

मला राग आला होता. घरात एक म्हैस होती, तिला सावली नव्हती आणि यांनी आधी गाडीला पत्र्याचं छप्पर केलं. वर्षभर मी त्या छपराखाली गेले नाही. ते एकटेच रात्रंदिवस खटपट करत होते. एक दिवस गाडी चालू झाली. आवाज ऐकून मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले. ट्रॅक्टरसारखा फटफट आवाज नाही. खोल, एकसारखा, जमिनीतून पायाला कळणारा.

"बस," ते म्हणाले.

मी डावीकडं गेले. सगळ्या गाड्यांत बाई डावीकडं बसते. दार उघडलं तर समोर स्टेअरिंग.

"तिकडं न्हाई, इकडं. हिचं उलटं असतं."

अशी मी उजव्या अंगाला बसले आणि पुढं सगळी वर्षं तिथंच बसले.

ज्यांनी असली गाडी पाहिली नाही त्यांना सांगते. आपल्याकडं गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगानं जातात आणि ड्रायव्हर उजव्या अंगाला बसतो. म्हणून पुढं ट्रक असला तरी जरा बाहेर सरकून त्याला समोरून येणारं दिसतं. आमच्या गाडीत ड्रायव्हर डावीकडं, रस्त्याच्या कडेला. पुढं उसाची ट्रॉली असली की यांना ऊस दिसायचा. रस्ता मला दिसायचा.

"बघ गं, येतंय का काही?"

"थांबा. यष्टी हाये."

"गेली का?"

"थांबा. मागं मोटारसायकल हाये, तिघं बसलेत मुडदे. थांबा. चला."

'चला' म्हणलं की गाडी उचलायची. ते परत विचारायचे नाहीत, मान वाकडी करून बघायचे नाहीत. माझ्या शब्दावर एवढं लोखंड ट्रकला वळसा घालून पुढं जायचं. घरात माझ्या शब्दावर म्हैस उठत नव्हती.

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, गाडी मीच चालवते. उजवीकडं बसलेली बाई, हात पदरात. पोरं ओरडायची, "ए, आजी हात सोडून चालवून राह्यली!" जालन्यात एकदा पोलिसानं अडवलं. सवयीनं माझ्या खिडकीशी आला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "मावशी, लायसन दाखवा."

"लायसन तिकडं बसलंय," मी म्हणलं.

त्यानं वाकून पलीकडं बघितलं. हे दात काढत होते. पोलीसही हसला आणि मग अर्धा तास गाडीच बघत बसला. बोनेट उघडायला लावलं.

मी नसले तर ते गाडी काढत नसत. एकदा मुलाला माझ्या जागी बसवून नेलं होतं. परत आल्यावर म्हणाले, "ह्याचे डोळे मोबाईलात. चला म्हणतो आन समोर ट्रक." त्यानंतर कुणाला बसवलं नाही. मला ताप आला की अमेरिकाही घरी. त्यांनी तोंडानं कधी 'तू मला लागतेस' असं म्हणलं नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत. पण गाडी काढायच्या आधी अंगणातून हाक यायची, "झालं का गं?" आणि मी चूल झाकून, हात पुसून निघायची. आता दिवसभर कुणी मला झालं का म्हणून विचारत नाही. माझं सगळं झालेलंच असतं.

गाडी सांभाळणं सोपं नव्हतं. तिचं काही मिळायचंच नाही. जुन्या जालन्यात एका बोळात रबरवाला होता. हे खिशातून झिजलेली चकती काढून त्याच्यासमोर ठेवायचे.

"ह्ये कशाचं काका?"

"गाडीचं."

"कोणत्या?"

"अमेरिकेच्या."

"मंग अमेरिकेला जा ना. इथं बोळात कशाला आले?"

असं म्हणायचा आणि खोक्यांत हात घालून बसायचा. ट्रॅक्टरचं, जीपचं, कशाचं तरी रबर निघायचं आणि हे घरी आणून कानशीनं घासून बसवायचे. चाकं जीपची, बॅटरी ट्रॅक्टरची, सीटचं रेक्झीन रिक्षावाल्यांच्या दुकानातलं. इंजिनाखालची गादी बैलगाडीच्या टायरमधून कापलेली. रेडिएटरमधून पाणी गळायला लागलं की त्यात मूठभर हळद. हळद फुगून भोकाला बसते आणि गळती थांबते. स्वयंपाकघरातला हळदीचा डबा हलका लागला की मी आधी अंगणात जाऊन भांडायची.

"भाजीला ठेवा थोडी!"

"भाजी गळत न्हाई," ते म्हणायचे.

हळूहळू मीही शिकले. शिकायचं असं ठरवलं नव्हतं. त्यांचे हात थरथरायला लागले आणि बारीक काम माझ्याकडं आलं. ठिणगी पडते ते दोन लोखंडी दाणे काळे पडले की काडीपेटीच्या खरखरीत बाजूनं घासायचे. किती घासायचे ते बोटाला कळतं. चकाकणारे पत्रे रॉकेलनं पुसायचे, जुन्या धोतराच्या फडक्यानं. ते बाजेवर बसून सांगायचे, मी करायची. चुकले की ते म्हणायचे, "राहू दे, तुला न्हाई जमायचं." मग मी मुद्दाम जमवायची. दुपारी छपराखाली पत्रा तापलेला, पेट्रोलचा आणि गरम रेक्झीनचा वास, ते बाजेवर, माझे हात काळे. बोलणं काही विशेष नाही. हा पाना दे, तो नाही, त्याच्या शेजारचा. आता कुणी विचारलं की संसारात चांगलं काय होतं, तर मला ही दुपार आठवते. लग्न-बारसं आठवत नाही.

तर खंडेनवमीच्या दिवशी आम्ही त्याच गाडीखाली होतो.

विटा फुटल्याचा आवाज झाला नाही. काळ्या मातीत थर तिरका झाला, वीट चुरली आणि डावी बाजू बसली. उजव्या बाजूला चाक होतं, म्हणून माझ्याकडं गाडी होती तिथंच राहिली. माझं लुगडं कशात तरी अडकलं होतं, एवढंच. मुलगा कामाला संभाजीनगरला, घरात सून होती. मी तिला हाक मारली. ती परसात होती, आली आणि गाडी बघून किंचाळली.

"आत्याबाई! मामा!"

"वरडू नको. काकाला बोलाव. माणसं आण."

ती माझ्या दिराकडं पळाली. आम्ही दोघंच राहिलो.

"गेली का?" ते म्हणाले.

"गेली."

"बघ गं, येतंय का कुणी?"

त्यांच्या बाजूला गाडी जमिनीला टेकली होती, त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. माझ्या बाजूला फट होती. फटीतून अंगण दिसत होतं, तुळशीवृंदावनाचा पाया आणि एक कोंबडी.

"कोंबडी हाये."

"तिला सांग जॅक लाव म्हणून."

मी म्हणलं, गप पडा. मग पाय दिसायला लागले. मी त्यांना सांगत होते. सून आली. तुमचा भाऊ आला, एका पायात चप्पल हाये. पलीकडच्या गल्लीतले आले, चार-सहा जण. बौद्धवाड्यातले मास्तर आले. माझा दीर खाली वाकला, त्याचं तोंड उलटं दिसलं.

"वैनी, दादा बोलून राह्यला का?"

"बोलून राह्यले. जॅक आण."

"कुठी हाये?"

"देवापुढं."

बाहेरचे पाय जागीच थांबले. दीर म्हणाला, "आज... पूजेतलं..."

"तू आणतो का मी येऊ?"

"यील बरं का खरंच," हे खालून म्हणाले.

कुणीतरी हसलं. हसू फुटलं आणि सगळ्यांचे पाय एकदम हलले. सून आत पळाली आणि जॅक घेऊन आली, माळेसकट. बाकीचे आपापल्या घरी पळाले आणि पहारी घेऊन आले. त्या दिवशी गावातल्या सगळ्या पहारी धुऊन देवापुढं ठेवलेल्या होत्या. फटीतून मला त्या येताना दिसत होत्या. प्रत्येकीला कुंकू लावलेलं, कुणाला झेंडू, कुणाला दुर्वा. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही आणि माझ्या अंगणात सगळ्या गावाची हत्यारं कामाला लागली होती. नंतर कुणी त्याबद्दल बोललं नाही.

"फळी घाला जॅकखाली," हे म्हणाले. "माती मऊ हाये."

"आता सांगता?" मी म्हणलं.

फळी सापडेना. सुनेनं देवापुढचा पाट आणला, त्याच्यावरचे पाने खाली सांडून. रांगोळी काढलेल्या पाटावर जॅक उभा केला.

आधी मला ओढायला लागले. मी म्हणलं, त्यांना आधी. हे म्हणाले, "तू नीघ. तू बाहेर असल्याशिवाय मला कळायचं न्हाई काय चाललंय." ते खरं होतं. मास्तरांनी माझं लुगडं कात्रीनं कापलं आणि मला पायाला धरून काढलं. कुणी पाणी देत होतं, कुणी बाजेवर बस म्हणत होतं. मी बसले नाही. गाडीच्या कडेला मातीत पालथी पडले आणि आत बघितलं. जॅक फिरायला लागला. पहारी घालून माणसांनी लोखंड तोललं.

"आली का वर?" हे म्हणाले.

"बोटभर."

"चला म्हणतीस का थांबा?"

"थांबा. पहार सरकतीया." मी वर ओरडले. त्यांनी दुसरी पहार लावली. "आता बरं हाये. अजून. अजून." दांडा कमरेवरून सुटला. माझ्या डोळ्यांसमोर मधे उजेड दिसला, हात जाईल एवढा.

दीर म्हणाला, "वैनी, ओढायचं का?"

"चला," मी म्हणलं.

त्यांना काढलं. पोत्यासकट ओढलं. रक्त फार नव्हतं. चेहरा हळदीनं पिवळा आणि डोळे उघडे. ते गाडीकडं बघत होते. मी म्हणलं, "तिला काही झालं न्हाई." त्यांनी मान हलवली.

गावातल्या एकाचा छोटा टेम्पो होता. त्यात गादी टाकून त्यांना झोपवलं. मी शेजारी बसले, कापलेल्या लुगड्यावर सुनेची ओढणी गुंडाळून. जालन्याच्या रस्त्याला लागलो. त्या रस्त्यावर मी यांच्यासोबत किती वेळा गेले असेन, पण मागच्या हौद्यात बसून कधी गेले नव्हते. ड्रायव्हर जोरात चालवत होता. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या सोंगण्या चालू होत्या. त्या दिवशी विळ्याला सुट्टी, पण वर ढग आले होते, काही जण कापत होते.

यांनी डोळे मिटले होते. ओठ पांढरे झाले होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाले, "बघ गं, येतंय का काही?"

मी केबिनच्या वरून बघितलं. आमच्या पुढं बैलगाडी होती आणि समोरून ट्रक येत होता.

"ट्रक हाये," मी म्हणलं. "थांबा."

"बरं."

त्यानंतर ते बोलले नाहीत. दवाखान्यात पोचलो तेव्हा हात गार होता. डॉक्टर म्हणाले, वजन होतं तोवर आतलं रक्त दाबून होतं, वजन निघालं तसं ते आतल्या आत वाहिलं. म्हणजे काढलं नसतं तरी गेले असते आणि काढलं म्हणूनही गेले. मुलगा संभाजीनगरहून आला, त्यानं डॉक्टरला पुन्हा पुन्हा विचारलं. मी एकदाच ऐकलं. त्यावर विचार करून काही निघत नाही.

ब्रेकचं रबर तेराव्यानंतर आलं. रबरवाल्यानं यष्टीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं होतं, कागदात गुंडाळून. त्याला काही माहीत नव्हतं. घरात सगळे म्हणाले, ठेवून दे. मी बसवलं. कसं बसवायचं ते मला माहीत होतं, हातही थरथरत नव्हते. देवघरातलं चाक काढलं, त्याच्यावरचं वाळलेलं फूल झटकलं आणि लावलं. जॅक उतरवला. गाडी चारी चाकांवर उभी राहिली.

बाया म्हणाल्या, तो जॅक नदीत टाक. मी म्हणलं, जॅकनं काय केलं? तो तर आत देवापुढं बसला होता. अजून दर खंडेनवमीला त्याला कुंकू लावते. गाडीखालून काही काढायचं नाही, एवढं मुलाला सांगून ठेवलंय.

मुलाला गाडी विकायची आहे. पुण्याकडचा एक माणूस दोनदा येऊन गेला. त्याला लग्नाच्या वरातीसाठी हवी आहे, नवरा-नवरी मागं बसवायला. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, मागच्या पंखांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "आजी, चालू होते का?" मी दार उघडून डावीकडं बसले आणि चालू करून दाखवली. त्याचं तोंड उघडं राहिलं.

"तुम्ही चालवता?"

"न्हाई. मला रस्ता तेवढा दिसतो."

त्याला ते कळलं नाही, मी समजावून सांगितलं नाही. विकायचं मुलगा ठरवेल. मी मेल्यावर विकावी, आधी नाही, हे त्याला सांगितलं आहे. तो रुसला आहे. रुसू दे.

दर आठवड्याला मी तिला चालू करते. बॅटरीला पाणी बघते, दाणे काळे पडले असतील तर घासते. चावी फिरवायला डावीकडं बसावं लागतं. इंजिन लागलं, आवाज एकसारखा झाला की मी सीटवरून सरकत सरकत उजवीकडं येते. सीट अख्खी आहे, मधे काही नाही, म्हणून म्हातारपणीही जमतं. मग इंजिन गरम होईपर्यंत तिथं बसते. समोर पत्र्याचं दार, त्याच्या पलीकडं बोर, बोरीखाली शेजाऱ्याची शेळी. यायचं-जायचं काही नसतं. मी तरी बघत बसते. डावीकडं बघत नाही, तिकडं बघायची मला कधी सवयच नव्हती. त्या बाजूला माणूस आहे हे आवाजावरून कळायचं. कधी कधी इंजिनाच्या आवाजात मला वाटतं, आता विचारतील. बघ गं.

शेळी उठून जाते. मी गाडी बंद करते.

लोक म्हणतात, गाडी वाईट निघाली. नातेवाईक म्हणतात, पुण्यवान होते, सणाच्या दिवशी गेले. मुलगा म्हणतो, जॅक काढायला नको होता. सगळे आपापल्या परीनं बोलतात. त्या दिवशी गाडीखाली आम्ही दोघं होतो. ते डाव्या अंगाला होते आणि मी उजव्या. उजव्या अंगाला चाक होतं. मी वाचले.